लेगोचे बंद झालेले रंग: शेड जुळते पण सोलते, टिकते तर ठोकळा बसत नाही

जुन्या लेगो सेटमधले हरवलेले तुकडे आजच्या तुकड्यांना रंग देऊन भरून काढायचे, हा उद्योग करणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून तिथेच येतात. शेड छान जुळते, पण दोन ठोकळे एकमेकांवर दाबले की कडेचा रंग निघतो. निघू नये म्हणून प्रायमर, दोन हात रंग आणि वर लॅकर असा बंदोबस्त करावा, तर ठोकळा बसत नाही. जोर लावून बसवला तर पुन्हा सुटत नाही. आणि सकाळी खिडकीपाशी तंतोतंत जुळलेली राखाडी रात्री दिव्याखाली हिरवट दिसते. दर वेळी दोष रंगाच्या डब्यावर जातो, डबा बदलला जातो, तक्रार तीच राहते. माझं मत असं की यातला निम्म्याहून जास्त त्रास रंग कुठल्या बाजूला दिला यातून येतो. डब्याचा नंबर त्यानंतर.

रंग देण्याआधी: हे खरंच रंगाचंच काम आहे का?

बंद झालेले रंग म्हटलं की पहिली आठवते राखाडी. २००४ च्या सुमारास लेगोने फिकी राखाडी, गडद राखाडी आणि तपकिरी हे तीन जुने रंग बदलले. नव्या राखाड्यांमध्ये निळसर झाक आली, तपकिरीत लाली आली. हौशी मंडळी इतकी चिडली की नव्या राखाडीला ‘ब्ले’ (ब्लू आणि ग्रे मिळून) असं टोपणनावच पडलं. १९८४ चा ६०८० क्रमांकाचा किल्ला किंवा २००२ चा १००३० क्रमांकाचा स्टार डिस्ट्रॉयर जुन्या राखाडीतला आहे. त्यात आजचे दोन तुकडे घुसवले तरी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळतं.

पण प्रत्येक ‘न जुळणारा’ तुकडा बंद रंगाचा नसतो. टील हा निळसर हिरवा रंग बरीच वर्षं मिळत नव्हता, २०१८ मध्ये तो पुन्हा आला. सुट्या तुकड्यांच्या बाजारात आता तो ‘डार्क टर्क्वॉइज’ या नावाने मिळतो. त्यामुळे टीलसाठी ब्रश हातात घेण्याआधी नवा तुकडा मागवून जुन्याशेजारी ठेवून पाहा. जुन्या राखाडीचे साधे ठोकळे आणि प्लेट (पातळ, चपटे तुकडे) सुद्धा परदेशातल्या विक्रेत्यांकडे अजून मिळतात. भारतात मागवताना तुकड्यापेक्षा टपाल आणि कस्टम जड होतं हे खरं, पण पन्नास तुकडे एकदम मागवले तर हिशेब बदलतो. रंगकाम राखून ठेवावं ते दुर्मीळ आकारांसाठी, किंवा जो आकार त्या रंगात कधी निघालाच नाही त्यासाठी.

दुसरी शक्यता पिवळटपणाची. लेगोच्या एबीएस या प्लॅस्टिकमधला ब्युटाडाइनचा भाग अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतो, आणि पांढरे, फिके राखाडी, निळे तुकडे वरून पिवळट किंवा मळकट होतात. तपासायला सोपं: दोन जोडलेले ठोकळे सोडवा आणि झाकलेला भाग उघड्या भागाशी ताडून पाहा. फरक दिसला तर त्या पिवळटपणाशी शेड जुळवत बसू नका. केमिस्टकडे मिळणारं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पारदर्शक बरणीत घ्यायचं, तुकडे त्यात बुडवायचे आणि बरणी उन्हात ठेवायची. झाकण घट्ट लावायचं नाही, आत वायू तयार होतो. तुकड्यांना बुडबुडे चिकटून ते वर तरंगतात, म्हणून अधूनमधून हलवायचं, नाहीतर अर्धा तुकडा पांढरा आणि अर्धा पिवळा राहतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. छपाईचे, स्टिकरचे आणि क्रोमचे तुकडे यात घालायचे नाहीत. गडद रंगांवर जास्त वेळ ठेवलं तर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते, ती जाता जात नाही. सेट असा उजळून घेतल्यावर बऱ्याचदा रंगकामाची यादी निम्मी होते.

तिसरी तपासणी प्लॅस्टिकची. लेगो १९६३ पासून एबीएसचं आहे, त्याआधी सेल्युलोज ॲसिटेट होतं. ते जुने तुकडे आपोआप वाकलेले असतात, त्यांच्या वाटेला जाऊच नये. पण आपल्याकडच्या घरगुती डब्यात लेगोबरोबर इतर कंपन्यांचे आणि जत्रेत घेतलेले ठोकळेही मिसळलेले असतात, आणि त्यातले कितीतरी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिनचे असतात. त्यांच्यावर रंग टिकत नाही, कितीही महागाचा आणा. ओळखायचं पाण्यात टाकून. वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, ठोकळा बुडवून आतली हवा काढा आणि सोडा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, ते वर येतात. एबीएसची घनता १.०४ च्या आसपास, ते तळाला बसतं. मग त्याच वाटीत मीठ विरघळेल तितकं घाला, एबीएस वर येईल. वर आलेल्या पॉलिप्रॉपिलीनसाठी गाड्यांच्या बंपरला वापरतात तो प्लॅस्टिक प्रायमर लागतो. पॉलिथिनचा नाद सोडावा. पुढचं सगळं एबीएसबद्दल आहे.

ठोकळा बसत नाही, किंवा बसवताना रंग निघतो

हे दोन्ही एकाच कारणाचे दोन चेहरे आहेत, आणि कारण मायक्रॉनमध्ये आहे.

लेगोच्या स्टडचा, म्हणजे ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्याचा, व्यास ४.८ मिमी. दोन स्टडच्या केंद्रांमधलं अंतर ८ मिमी. त्या हिशेबाने चार स्टड लांबीचा ठोकळा ३२ मिमी असायला हवा, तो प्रत्यक्षात ३१.८ असतो. म्हणजे प्रत्येक टोकाला ०.१ मिमी जागा मुद्दाम सोडलेली आहे, आणि शेजारी शेजारी बसलेल्या दोन ठोकळ्यांमध्ये ०.२ मिमीची फट राहते. ठोकळ्याची उंची ९.६ मिमी, आणि उंचीत मात्र अशी सूट अजिबात नाही. एक ठोकळा दुसऱ्यावर टेकूनच बसतो. स्टड आणि वरच्या ठोकळ्याच्या आतल्या भिंती यांच्यामध्ये तर सूट सोडाच, उलट किंचित ताण ठेवलेला असतो. ती जी ‘टक्’ पकड आपल्याला जाणवते ती त्या ताणाची.

आता रंगाचा थर पाहा. स्प्रेचा एक हात वाळल्यावर साधारण १५ ते २५ मायक्रॉन जाड असतो. प्रायमर, दोन हात रंग, वर लॅकर असे चार थर धरले तर ६० ते १०० मायक्रॉन, म्हणजे ०.०६ ते ०.१ मिमी. स्टडला हा थर चोहोबाजूंनी बसतो, म्हणून ४.८ चा स्टड ४.९२ ते ५ मिमीचा होतो. असा स्टड आत घुसताना दोनच गोष्टी होऊ शकतात: एकतर रंग खरवडला जातो, नाहीतर वरच्या ठोकळ्याची भिंत ताणली जाऊन पुढेमागे तडकते. रंग जितका पक्का, तितका दुसऱ्या शक्यतेला जोर. म्हणून ‘आणखी मजबूत रंग सांगा’ या मागणीला माझ्याकडे उत्तर नाही.

उंचीचा हिशेब कमी लोक करतात. फक्त वरच्या पृष्ठभागावर ०.०६ मिमी थर बसला तरी वीस रद्द्यांची भिंत १.२ मिमीने उंच होते. एका प्लेटची उंची ३.२ मिमी, त्याच्या एक तृतीयांशाहून हे जास्त. शेजारची न रंगवलेली भिंत तिच्या मापात राहते, आणि दोन्हींवर आडवी प्लेट टाकायला गेलात की ती एका बाजूला बसते, दुसरीकडे अधांतरी राहते. किल्ल्याचा बुरूज सरळ का राहत नाही, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

तेव्हा नियम एवढाच: जिथे प्लॅस्टिकला प्लॅस्टिक घासतं किंवा टेकतं तिथे रंग जाऊ द्यायचा नाही. ठोकळ्याला सहा बाजू असतात, भिंतीत लागल्यावर दिसते एकच. ती एकच रंगवायची. टोकांना चुकून थोडा उडाला तर ०.१ मिमीची सूट तो पोटात घालते, मात्र कडेला रंगाचा मणी जमला असेल तर तो ब्लेडने काढून टाका. वरच्या टोकाला जिथे स्टड दिसणारच आहेत, तिथे शक्य असेल तर रचना बदलून स्टडऐवजी टाइल, म्हणजे वरून गुळगुळीत तुकडा, टाका. टाइल, स्लोप (उतरता तुकडा), पॅनेल (पातळ भिंतीचा तुकडा) यांच्या दिसणाऱ्या पृष्ठभागावर पुन्हा काहीही बसत नाही, त्यामुळे तो रंग वर्षानुवर्षं टिकतो.

स्टड झाकायला मास्किंग टेपच्या बारीक चकत्या कापत बसण्याची गरज नाही. एक स्टडची गोल प्लेट प्रत्येक स्टडवर टोपीसारखी बसवा. ती चौकोनी प्लेटपेक्षा अरुंद असल्याने ठोकळ्याचा वरचा बाकीचा भाग आणि कडा मोकळ्या राहतात. रंग बोटाला किंचित चिकटण्याच्या अवस्थेत असताना त्या टोप्या सरळ वर उचलायच्या. पूर्ण वाळल्यावर काढल्या तर कडेला पोपडा उठतो. स्टडच्या बुडाशी मूळ रंगाची बारीक कडी राहते, वर ठोकळा बसला की ती झाकली जाते. खालची बाजू झाकायला ठोकळा दुसऱ्या टाकाऊ ठोकळ्यावर बसवायचा, तोच धरायला मूठ म्हणूनही उपयोगी पडतो.

इथे एक सावधगिरी. टोप्या आणि मूठ लावलेला ठोकळा ताणाखाली असतो, आणि ताणाखालच्या एबीएसवर कडक थिनर पडला की ठोकळ्याच्या आतल्या नळ्यांपाशी आणि कोपऱ्यांत केसासारखे तडे जातात. ते लगेच दिसतात असंही नाही. हार्डवेअरच्या दुकानातल्या कित्येक स्प्रेमध्ये एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरच्या जातीचे द्रावक असतात. अशा स्प्रेचा पहिला हात इतका हलका द्यायचा की नुसती धूळ बसल्यासारखी वाटावी, द्रावक हवेतच उडून जायला हवं. पहिलाच हात ओला मारला तर स्टडवरची ‘लेगो’ ही अक्षरं बुजतात, आणि ते दुरुस्त होत नाही. टोप्यांची युक्ती वापरायची असेल तर मी पाण्यातल्या ॲक्रेलिक रंगालाच पसंती देतो.

तपकिरी रंगातले २००० च्या दशकातले आणि त्यानंतरच्या काही वर्षांतले ठोकळे मुळातच ठिसूळ आहेत, ‘रेडिश ब्राउन’ तर त्यासाठी कुप्रसिद्ध. गडद लालही त्याच माळेतला. रंगवायला असे तुकडे पाया म्हणून घेऊ नयेत. मूठ काढतानाच मोडतात.

मोकळ्या बाजूवरचाही रंग सोलतो

घर्षण नसलेल्या जागी पापुद्रे निघत असतील तर तो चिकटण्याचा प्रश्न आहे, आणि दहापैकी नऊ वेळा तो तेलाचा असतो. हाताचं तेल, डोक्याचं खोबरेल, गाडीच्या डॅशबोर्डला पुसतात त्या पॉलिशमधलं सिलिकॉन. सिलिकॉनचा अंश असला की रंग दिल्या दिल्या माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडने धुवा. पाणी ४० अंशांच्या वर नको. मग स्वच्छ पाणी, पूर्ण वाळवणं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात. त्यानंतर उघड्या बोटांनी धरायचं नाही.

धुतल्यावरही सोलत असेल तर पृष्ठभागाची चकाकी घालवा. १००० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. पृष्ठभाग मंद झाला की थांबा. कडा गोल झाल्या तर तो तुकडा भिंतीत कायम वेगळा दिसणार. जोरात घासून रंगाच्या जाडीची जागा करावी, असा विचार मनात येतो. तो सोडून द्या. कडा आधी जातात, जाडी मागे राहते.

चाचणी टाकाऊ तुकड्यावरच करा. रंग वाळून आठवडा झाला की ब्लेडने एक-एक मिलिमीटरवर उभ्या आडव्या रेघा मारा, वर सेलोटेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोनांच्या कडा शाबूत राहिल्या तर पद्धत बरोबर आहे. टेपवर पूर्ण चौकोन आले तर धुण्यापासून पुन्हा सुरुवात. ‘हाताला वाळला’ आणि ‘पक्का झाला’ यांत ॲक्रेलिकच्या बाबतीत काही दिवसांचं अंतर असतं, तेलाच्या एनॅमलच्या बाबतीत काही आठवड्यांचं. एनॅमल लेगोवर वापरूच नये असं मला वाटतं. मे महिन्यात कपाटावर ठेवलेलं मॉडेल हाताला चिकचिकतं, आणि दाबाखाली असलेले दोन रंगीत पृष्ठभाग एकमेकांना धरून बसतात.

गॅरेजमधला टू-के पीयू (हार्डनर मिसळून वापरायचा पॉलियुरेथेन) लॅकर सगळ्यात टणक, हे खरं आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. बाल्कनीत साधा मास्क लावून तो मारणं म्हणजे दम्याला निमंत्रण. हवाच असेल तर रंगकाम करणाऱ्या चांगल्या गॅरेजला तुकडे एका पट्टीवर चिकटवून द्या, ते बूथमध्ये मारून देतील.

शेड जुळत नाही, किंवा जुळून फसते

आता खरं गमतीचं काम. जुनी फिकी राखाडी करायला लोक पांढऱ्यात काळा टाकतात आणि हमखास ‘ब्ले’ तयार करतात. कारण साधं आहे: कार्बनचा काळा पांढऱ्यात मिसळला की त्याची झाक निळसर येते. लेगोने जे २००४ च्या सुमाराला केलं ते तुम्ही वाटीत पुन्हा करता. जुनी राखाडी उबदार आहे, किंचित पिवळट-हिरवट. पांढरा आणि काळा मिसळल्यावर त्यात यलो ऑकर (मातकट पिवळा) टूथपिकच्या टोकाने घाला. तेही थांबून थांबून. जुन्या गडद राखाडीसाठी काळा कमी करून रॉ अंबर (हिरवट तपकिरी) वाढवा, तिची हिरवट झाक त्यातून येते. जुनी तपकिरी नव्या तपकिरीपेक्षा कमी लाल आहे, तिला बर्न्ट अंबरमध्ये रॉ अंबर मिसळून जवळ जाता येतं. जास्त रंग एकत्र करू नका. तीनाच्या वर गेलात की मिश्रण मळकट होतं, आणि पुढचा त्रासही वाढतो.

पुढचा त्रास म्हणजे प्रकाश बदलला की शेड बदलणं. दोन पृष्ठभाग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसतात, कारण कारखान्यातली रंगद्रव्यं आणि तुमची रंगद्रव्यं वेगळी आहेत. प्रत्येक तरंगलांबीवर त्यांचं परावर्तन सारखं नसतं, एका विशिष्ट उजेडात डोळ्यापर्यंत पोचणारी बेरीज तेवढी सारखी येते. हे पूर्ण टाळता येत नाही. म्हणून नमुना तीन ठिकाणी पाहायचा: खिडकीपाशी सावलीतल्या उजेडात, ट्यूबलाइटखाली, आणि पिवळसर एलईडीखाली. तिन्हीकडे जुळत नसेल तर मॉडेल ज्या खोलीत कायम राहणार आहे तिथला उजेड निवडा आणि बाकीचं विसरा. रात्री टेबललॅम्पखाली शेड पक्की करणाऱ्यांना सकाळी जे दिसतं, त्याला डबा जबाबदार नसतो.

तकाकीचाही वाटा मोठा आहे. मॅट रंग त्याच शेडच्या चकचकीत प्लॅस्टिकपेक्षा फिका दिसतो. वाळलेल्या मॅट नमुन्यावर पाण्याचा थेंब टाकून थेंबाखालचा रंग मूळ ठोकळ्याशी ताडा. थेंबाखाली जुळत असेल तर शेड बरोबर आहे, वर सेमी-ग्लॉस लॅकरचा पातळ हात तेवढा हवा. ॲक्रेलिक वाळताना गडद होतो, त्यामुळे ओल्या रंगावरून निर्णय घेऊ नये. नमुना पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चमच्यावर न काढता ज्या रंगाचा तुकडा रंगवणार आहात त्याच रंगाच्या टाकाऊ तुकड्यावर काढा, खालचा रंग पातळ थरातून डोकावतो. पिवळा आणि लाल द्यायचा असेल तर खाली पांढरा प्रायमर हवा. राखाडी प्रायमरवर पिवळा हिरवट वळतो.

वेबसाइटवर मिळणारे लेगो रंगांचे आरजीबी किंवा हेक्स आकडे पडद्यासाठी आहेत. ते दुकानात नेऊन ‘हा रंग द्या’ म्हणण्यात अर्थ नाही. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात कॉम्प्युटर मिक्सिंग असतं. तिथे प्रत्यक्ष तुकडा न्या, आणि तोही स्टड नसलेला: मोठी टाइल किंवा पॅनेल. यंत्राची खिडकी पूर्ण झाकली जाईल एवढी सपाट जागा लागते, स्टडच्या सावल्या आल्या की मोजणी गडद येते. नमुना धुतलेला, पिवळट न पडलेला असावा. शंका असेल तर सेटमधला असा तुकडा शोधा जो आतल्या बाजूला झाकलेला होता. दुकानदार कमीत कमी किती रंग बनवून देतो ते आधी विचारा. छोट्या डब्यात भरपूर काम होतं.

अजून एक लक्षात ठेवा: मूळ लेगोच्या एकाच नावाच्या रंगातही सगळे तुकडे एकसारखे नसतात. गडद लाल, गडद निळा यांच्या वेगवेगळ्या वर्षांतल्या तुकड्यांत फरक डोळ्यांना दिसतो. तेव्हा एका तुकड्याशी काटेकोर जुळवून बाकी सगळ्यांशी भांडण होण्यापेक्षा चार-पाच तुकड्यांच्या मधली शेड धरलेली बरी.

हवामानाचे त्रास

पावसाळ्यात मुंबई-कोकणात लॅकर मारला की पांढुरकं धुकं येतं. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. थोडं असेल तर रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा अगदी हलका फवारा दिल्यावर जातं, पण त्यापेक्षा दिवाळीची वाट पाहिलेली बरी. उलट मेच्या दुपारी फवारा हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग पॉलिशपेपरसारखा खरखरीत होतो. तेव्हा फवारा वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, सकाळी लवकर मारावा.

स्टडसकट सगळीकडून रंग हवाच असेल तर

मग लेप देऊ नका, तुकडा रंगात मुरवा. पॉलिएस्टर कापडाला वापरतात ते डिस्पर्स डाय एबीएसमध्ये शिरतात, वर थर चढवत नाहीत. मापात फरक पडत नाही आणि सोलण्याचा प्रश्नच उरत नाही. सुती कापडाचे रंग यावर चालत नाहीत, पुडी घेताना पॉलिएस्टरसाठीच आहे ना हे पाहा. पाणी ७० अंशांच्या आसपास ठेवायचं. उकळी आली तर ठोकळे मऊ पडतात आणि पकड जाते, म्हणून थर्मामीटरशिवाय हे काम हातात घेऊ नये. वापरलेलं पातेलं पुन्हा स्वयंपाकात आणायचं नाही.

मर्यादा अशी की यात तुकडा गडदच होतो, फिका होत नाही, आणि मूळ रंग बेरजेत राहतो. पांढऱ्यापासून टीलकडे जाता येतं, नव्या राखाडीपासून जुन्या राखाडीकडे जाणं अवघड: निळसर झाक मारायला पिवळा-तपकिरी डाय घालताना तुकडा एकूणच गडद होतो. तिथे पांढरा तुकडा घेऊन सुरुवात करणं सोपं. डाय केलेल्या तुकड्यांना थेट ऊन लागू देऊ नका, ते रंगापेक्षा लवकर विटतात.

क्रोमच्या तुकड्यांबद्दल थोडक्यात: ते निर्वात कक्षात धातूची वाफ बसवून केलेले असतात, स्प्रेने तसा आरसा येत नाही. मोलोटो या कंपनीचा लिक्विड क्रोम पेन त्यातल्या त्यात जवळ जातो. त्यावर लॅकर मारला की तो साधा राखाडी होतो, त्यामुळे हात लागणार नाही अशाच जागी वापरा.

बिघडलेला रंग काढताना, आणि नंतर

पाण्यातला ॲक्रेलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवला की जुन्या टूथब्रशने निघतो. पारदर्शक तुकडे त्यात भिजत टाकू नका, तडे जाऊ शकतात. ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, एनसी थिनर यांनी रंगाबरोबर ठोकळाही विरघळतो. लॅकर किंवा टू-के चढलेला तुकडा काढत बसण्याइतका मोलाचा क्वचितच असतो.

रंगवलेले तुकडे तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलांच्या डब्यात जाऊ देऊ नयेत, खेळण्याचे आणि मांडून ठेवायचे डबे वेगळे असावेत. प्रत्येक रंगवलेल्या तुकड्याच्या आत बारीक मार्करने खूण करून ठेवा. संग्राहकांच्या बाजारात रंगवलेला तुकडा खराब धरला जातो. जुना सेट विकताना खूण नसलेले असे तुकडे ‘मूळ’ म्हणून खपले, तर समोरचा माणूस एक दिवस तो किल्ला पेरॉक्साइडमध्ये घालेल आणि तुमचा पत्ता शोधत येईल.